शासनाचे शिलालेख आणि आमचे वाचन

मराठी समीक्षेला शिलालेखाचे वावडे नाही. श्रवणबेळगोळच्या पुतळ्याखालची ओळ आद्य मराठी की अक्षीच्या शिळेवरची, या वादात आपल्या विद्वानांच्या पिढ्या गेल्या. परंतु या मंडळींचा शिलालेख यादवकाळाच्या अलीकडे येत नाही. शासन मात्र आजही दगडावर लिहीतच आहे. त्या लिखाणाला शैली आहे, ठरलेले संकेत आहेत, आणि त्याने एक वाचकही गृहीत धरलेला आहे. मेलेल्या सैनिकाच्या सन्मानार्थ सरकार खांब उभारते, कमान बांधते, ज्योत पेटवते, भिंतीवर नावे कोरते, बेटाचे बारसे करते, पंचायतीच्या दारात फलक लावते. हा सगळा एकच लेखनप्रकार आहे असे मी मानतो. या प्रकाराशी आमचा संबंध दोनशे वर्षांचा आहे, आणि तरीही आम्ही त्याच्याकडे वंदन करणाऱ्याच्या नजरेने तरी पाहिले किंवा निषेध करणाऱ्याच्या नजरेने तरी. वाचकाच्या नजरेने क्वचितच पाहिले. ते इथे करून पाहतो.

आरंभ कोरेगाव भीमापासूनच करावा लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या सुमारे आठशे शिपायांनी तिथे पेशव्यांच्या फौजेला दिवसभर थोपवले, आणि १८२१ साली कंपनी सरकारने त्या जागी स्तंभाचा पाया घातला. त्यावरचा मजकूर इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर तो सरळसरळ प्रशस्ती आहे. पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याचा हा अभिमानाचा विजय, असा त्याचा आशय. कर्ता कंपनी, नायक कंपनीची फौज, स्तुती कंपनीची. चालुक्यांच्या भाटाने लिहिला असता तर छंदात लिहिला असता, एवढाच फरक.

पण या प्रशस्तीच्या अंगाला एक दुसरा मजकूर चिकटलेला आहे, आणि तो प्रशस्तीच्या परंपरेतला नाही. ती मेलेल्यांची यादी आहे. आपल्याकडे मेलेल्या लढवय्यासाठी वीरगळ होता. गावोगाव, देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर तो अजून उभा सापडतो: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. मेला तो कोण, हे कळायची सोय नाही. कोरेगावच्या स्तंभावर अप्सरा नाहीत, स्वर्ग नाही. तिथे नावे आहेत. कंपनीला काही आमच्याबद्दल पुळका आला होता म्हणून हे घडले असे मला वाटत नाही. मला वाटते ती नावे पलटणीच्या हजेरीपटावरून आली. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मोजून द्यायचा, त्याचे नाव नीट लिहून ठेवावे लागते, बापाच्या नावासकट. नाहीतर दुसराच कोणी येऊन पैसे घेऊन जाईल. हिशेबाच्या गरजेने जे अक्षर जन्मले तेच पुढे दगडावर चढले.

म्हणून ती यादी शब्दशः वाचली पाहिजे. लढाईत पडलेल्यांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाने संपतात. सोमनाक कमळनाक नाईक. रायनाक येसनाक नाईक. रामनाक येसनाक. मुलाचे नाव, बापाचे नाव, आणि असेल तर हुद्दा. याच माणसांना गावात काय म्हणत असतील ते आम्हाला कोणी सांगायला नको. राम्या. सोम्या. येश्या. आणि हाक मारणारा त्याच्या पोराच्या वयाचा. गावच्या कागदात तर तेवढेही नाही. तिथे 'महार' असा एकवचनी शब्द आहे, त्याचा वतनी हक्क आहे, त्याने करायच्या कामांची जंत्री आहे, आणि तो मेला तर दुसरा महार आहेच. अशा काळात रामनाकाच्या बापाचे नाव येसनाक होते ही गोष्ट एका दगडाने नोंदवली. त्याच यादीत मराठे आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलही आहे. एका खाली एक. जिवंतपणी त्यांच्या भाकरी एका तव्यावर भाजल्या गेल्या नसत्या.

आमच्यातलेच काही विचारवंत अधूनमधून म्हणतात की हा साम्राज्याचा दगड आहे, त्याच्यापुढे कशाला वाकायचे? दगड साम्राज्याचा आहे यात शंका नाही. परंतु लेखकाचा हेतू वाचकाने मुकाट मान्य केला पाहिजे असा नियम साहित्यात कधीपासून आला? कंपनीने तो स्तंभ स्वतःच्या विजयासाठी लिहिला. आम्ही त्यातली यादी वाचली, आणि वरची प्रशस्ती कंपनीला परत दिली.

हे वाचन एका दिवसात झाले नाही. त्याला निमित्तही कंपनीच्या वारसदारांनीच दिले. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी नवी वर्णव्यवस्था लष्करी कचेरीत तयार झाली होती, आणि तीत आमची जागा पुन्हा वेशीबाहेर ठरली. इथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. भरती बंद केली तेव्हा कोरेगावचा स्तंभ कोणी उखडला नाही. त्यावरची २२ नावे कोणी खरवडली नाहीत. उखडायची गरजच नव्हती. दगडाला पगार द्यावा लागत नाही, पेन्शन द्यावी लागत नाही, त्याच्या मुलांसाठी शाळा चालवावी लागत नाही. आजोबाचे नाव खांबावर शाबूत, आणि नातू भरतीच्या रांगेतून परत. शासकीय सन्मानाचे सगळे व्याकरण या एका प्रसंगात सापडते.

जे गेले ते नेमके काय होते याचाही हिशेब मांडला पाहिजे. छावणी म्हणजे केवळ बंदूक नव्हती. छावणीत शिपायांच्या मुलांना आणि काही ठिकाणी शिपायांनाही अक्षर शिकवण्याची व्यवस्था होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत जन्मलेल्या त्यांच्या मुलाबद्दल मी निराळे लिहायला नको. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले, दापोलीला राहिले, आणि दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांची 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका आली. दलित साहित्याचा उगम कुठे धरायचा यावर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ शाई सांडली आहे: बुद्धापासून धरा, चोखामेळ्यापासून धरा, फुल्यांपासून धरा. मी या वादात एक साधी गोष्ट ठेवू इच्छितो. अस्पृश्यतेवर सवर्णांना लेखी प्रश्न विचारणारा हा माणूस पेन्शनर होता. दरमहा येणारी एक रक्कम होती जी पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. त्या रकमेने त्याला कागद, दिवा आणि न भिण्याची सवड दिली. भरती बंद करून सरकारने नोकऱ्या काढल्या एवढेच नाही, तर पुढच्या पिढीतले वलंगकर काढून घेतले.

आणि म्हणून वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास सरकारसाठी अर्ज तयार केला, आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. हे अर्ज आमच्या गद्याचे पहिले मोठे नमुने आहेत. अभ्यासक्रमात ते नाहीत, हे सांगायला नको. आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडले, त्याची तुमच्याच दप्तरात नोंद आहे, मग आता आमचा विटाळ कसा झाला, असा या अर्जांचा युक्तिवाद आहे. लक्षात घ्या, दगडाचा अर्थ इथे पूर्ण पालटला आहे. सरकारच्या दृष्टीने स्तंभ ही हिशेब मिटल्याची पावती होती. अर्जदारांनी ती पावती उलटी धरली आणि कर्जरोखा म्हणून वाचली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले ते याच वाचनपरंपरेत. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. जानेवारीतला दगड आणि मार्चमधले पाणी यांच्यात फक्त अडीच महिन्यांचे अंतर आहे.

आता दिल्लीची कमान. इंडिया गेटची कोनशिला १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉटच्या हस्ते बसली आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय आयर्विनने कमानीचे उद्घाटन केले. पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्या १३ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर आहेत. आमच्या दृष्टीने या कमानीची तारीख तिच्या शिल्पापेक्षा बोलकी आहे. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली सरकारला महारांची आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, आणि १९२१ साली ती मोडली. ज्या वर्षी राजधानीत शिपायांच्या स्मरणाचा पाया घातला, त्याच वर्षी जिवंत शिपायांच्या हातून बंदूक काढून घेऊन त्यांना गावी पाठवले. कमानीखालून जाणाऱ्या पर्यटकाला हे कळण्याचे कारण नाही. कमान ल्युटेन्सने फार देखणी बांधली आहे.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. या रेजिमेंटने आपल्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यासाठी कोरेगावचा स्तंभ निवडला. स्मारक डोक्यावर घालून फिरणे हा प्रकार मला वाङ्मयीन दृष्टीने विलक्षण वाटतो. शासनाने गावाच्या एका कोपऱ्यात उभा केलेला मजकूर वाचकांनी तिथून उचलला आणि स्वतःच्या अंगावर आणला. पुढे बिल्ल्यावरून स्तंभ गेला आणि त्याच्या जागी कट्यार आली. ते का, आणि त्यावर कोणी बोलले का, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण या रेजिमेंटच्या रणघोषणेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. शेजारच्या पलटणी देवाचा, देवीचा, आपल्या राजाचा जयजयकार करीत चढाई करतात. महार रेजिमेंटची घोषणा 'बोलो हिंदुस्तान की जय' अशी आहे. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्या तोंडी देव आला नाही, देश आला. राष्ट्रवादावरची पुष्कळ पुस्तके मी वाचली. त्यांतल्या कोणत्याही लेखकाला या चार शब्दांवर एक परिच्छेद लिहावासा वाटला नाही.

चांभार रेजिमेंटचे तर टोपीवरही काही उरले नाही. १९४३ साली ती उभी राहिली, कोहिमाच्या आघाडीवर लढली, १९४६ साली मोडली. पुन्हा उभी करा अशी मागणी उत्तरेत अधूनमधून उठते आणि विरते.

स्वातंत्र्यानंतर लेखक बदलला. आता शासन आपले होते. त्याचा पहिला मोठा मजकूर म्हणजे १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते प्रज्वलित झालेली अमर जवान ज्योती. उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, भोवती ज्योत. इथे नाव नाही. हा अज्ञात सैनिक आहे. कल्पना युरोपातून आली. तिची भुरळ मी समजू शकतो. अज्ञाताला जात नसते, तो कुणाचाही मुलगा असू शकतो. पण ज्यांच्या घरात नावांची रेलचेल होती त्यांनाच अनामिकता उदात्त वाटते. शतकानुशतके आम्ही अज्ञातच होतो. त्यासाठी आम्हाला मरावे लागले नाही.

२१ जानेवारी २०२२ रोजी ही ज्योत तिथून हलवून जवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत विलीन केली. त्यावर बराच वाद झाला. ज्योत विझवली म्हणणारे आणि विलीन केली म्हणणारे, दोघांचीही भाषा ज्योतीचीच होती. स्मारकाचे मात्र खरोखर वाचन व्हायला हवे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर पडलेल्या सैनिकांची नावे, उद्घाटनाच्या वेळी २५,९४२, तिथे ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. हे चांगले झाले, असेच मी म्हणेन. अज्ञातापेक्षा यादी केव्हाही बरी. पण रचनेची कल्पना घेतली ती चक्रव्यूहाची: एकात एक वर्तुळे, अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. महाभारत ज्याने वाचले त्याला ठाऊक आहे की चक्रव्यूहात पाठवलेल्या पोराला बाहेर पडण्याची विद्या कोणी शिकवली नव्हती. स्थापत्यकाराच्या मनात हे नसेल. तरीही प्रतिमा आपल्या पोटातला अर्थ लपवू शकत नाही. आणि ज्या ग्रंथात एका पोराचा अंगठा आधीच कापून घेतला आहे, त्या ग्रंथाचे रूपक सगळ्या शिपायांना सारखेच बसेल हे गृहीत धरणाऱ्यांनी सैन्यातली नावे तरी वाचावीत.

त्या भिंतीवर प्रत्येक नावाशेजारी हुद्दा आहे आणि पलटण आहे. जात नाही. परंतु आपल्या पलटणींची नावेच जातींची आणि प्रांतांची आहेत, त्यामुळे 'महार' हा शब्द तिथे आहे, आणि सोन्यात आहे. शिवाय त्याचा अर्थ तिथे निराळा झाला आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचेच नाव घ्या. मुंबईत जन्मलेला, तमिळ नावाचा हा अधिकारी आठव्या महार बटालियनचा. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत ते मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जो शब्द गावात शिवीसारखा उच्चारला जाई, तो या माणसाने खांद्यावर मिरवला आणि त्याच्यासह मेला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या २१ अनाम बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट त्यांचेही आहे. बेटांचे हे बारसे मला या सगळ्या प्रकारातले सर्वांत निरुपद्रवी लिखाण वाटते. ज्या बेटांना तोवर नावही नव्हते, तिथे नावाची पाटी लावताना कोणाचा बांध सरकत नाही.

बांध सरकतो तो गावात. म्हणून खरी परीक्षा गावात होते.

१९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत सैनिकाचा देह बहुधा घरी येत नसे. आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत आणि घरी तार येई. कारगिलपासून शवपेट्या गावोगाव येऊ लागल्या. तिरंगा, बिगुल, हवेत झाडलेल्या फैरी, पालकमंत्री. शासकीय सन्मानाचा विधी प्रथमच राजधानीतून उठून गावच्या पांदीत आला. ज्या दलिताच्या घरचा जवान गेला त्याच्या बाबतीत या विधीला एक अर्थ आहे, आणि तो बाहेरच्याला चटकन दिसणार नाही. गावगाड्यात मयताचा सांगावा परगावी नेणे हे महाराचे काम. सरणाची लाकडे वाहणे त्याचे काम. प्रेतावरचे कापड हा त्याचा 'हक्क'. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली तरी ही कामे कित्येक गावांत रीतीने चालूच राहिली. आता त्याच वस्तीत सांगावा घेऊन सरकारचा अधिकारी येतो, आणि प्रेतावरचे कापड, म्हणजे तिरंगा, घडी घालून आईच्या किंवा बायकोच्या हातात दिला जातो. एका कापडापासून दुसऱ्या कापडापर्यंत आलो आहोत. हे अंतर लहान नाही, आणि जो त्याला नुसता देखावा म्हणतो त्याने ते कापड उचललेले नाही. आमच्या बाजूच्या एका वस्तीत मी असा तिरंगा पाहिला आहे. पत्र्याच्या पेटीत, नॅप्थलिनच्या गोळ्या घालून, बाबासाहेबांच्या फोटोखाली.

पण देह ठेवायचा कुठे? २५ जून २०१६ रोजी काश्मिरात पांपोरजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बसवर हल्ला होऊन आठ जवान गेले. त्यांतला एक उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबाद जिल्ह्यातला, नट समाजाचा. त्याचे पार्थिव गावी आले तेव्हा सार्वजनिक जागेवर अंत्यसंस्कार करायला आणि तिथे पुतळा उभारायला गावातल्या सवर्णांनी विरोध केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. अधिकाऱ्यांनी तासन्‌तास समजूत काढली, तेव्हा कुठे दहा मीटर बाय दहा मीटर जागा मिळाली. तिरंगा होता, सलामी होती, मंत्र्यांची निवेदने होती. अडले ते दहा मीटरवर. सरकारी सन्मानाला गावातले सगळे चालते. त्याने गावाच्या जमिनीचा नकाशा तेवढा बदलायचा नाही.

हा प्रसंग ध्यानात ठेवून ऑगस्ट २०२३ मधले 'मेरी माटी मेरा देश' हे अभियान वाचावे. देशासाठी मेलेल्या वीरांच्या नावांचे शिलाफलक ग्रामपंचायतींच्या हद्दीत लावायचे, गावोगावची माती कलशात भरून दिल्लीला न्यायची आणि तिथे युद्धस्मारकाजवळ अमृतवाटिका करायची, अशी ती योजना. कल्पना म्हणून सुंदर आहे. आमच्या वाचकाला मात्र पहिला प्रश्न हाच पडेल, की गावची माती म्हणजे कोणती माती? वेशीच्या आतली की बाहेरची? जी सातबाऱ्यावर आहे ती, की जिच्यावर आमची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत पण नावावर नाहीत ती? कलशात दोन्ही मिसळल्या, ही दिल्लीतली समता झाली. गावात परतल्यावर माती जिथल्या तिथे असते.

त्या शिलाफलकांबद्दल मी सरसकट काही म्हणणार नाही, कारण काही ठिकाणी ते फार चांगले झाले. आमच्याच तालुक्यातल्या एका गावात आमच्या वस्तीतल्या एका जवानाचे नाव फलकावर पाटलाच्या भावकीतल्या नावाच्या वर आले, केवळ तो आधी मेला म्हणून, आणि ते तसेच राहिले. दुसऱ्या एका गावात फलक पंचायतीसमोर लागला आणि त्याच गावच्या आमच्या जवानाचे आधीचे स्मारक मात्र समाजमंदिरामागे होते तिथेच राहिले. त्यावर कावळे बसतात. १५ ऑगस्टला तिथे कोणी शासकीय माणूस फिरकत नाही. वस्तीतली पोरे झाडून घेतात.

शब्दांचाही विचार करायला हवा, कारण हा शेवटी भाषेचा प्रश्न आहे. मंत्र्यांच्या भाषणात, गावच्या कमानीवर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात मेलेला जवान 'शहीद' असतो. सरकारच्या कागदात हा शब्द नाही. २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगासमोर संरक्षण आणि गृह या दोन्ही खात्यांनी तसे सांगितले. सैन्यातला असेल तर 'बॅटल कॅज्युअल्टी', केंद्रीय पोलीस दलातला असेल तर 'ऑपरेशन्स कॅज्युअल्टी'. व्यासपीठावरची भाषा वेगळी आणि फायलीतली वेगळी. दोन भाषा असणे हा गुन्हा नाही. पण घरच्यांचा व्यवहार आयुष्यभर दुसऱ्या भाषेशी असतो. १ जानेवारी २००४ पासून नव्या पेन्शन योजनेतून सैन्यदले वगळली गेली, केंद्रीय पोलीस दले वगळली गेली नाहीत. पांपोरच्या बसमध्ये बसलेल्या जवानाला गोळी लागते ती कोणत्या योजनेतली, हे गोळीला माहीत नसते. २०२२ साली अग्निपथ योजना आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक तरुण अग्निवीर सियाचिनला कर्तव्यावर असताना गेला, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात आला. ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान असे आकडे लष्कराने जाहीर केले. रक्कम लहान नाही. पण अग्निवीराच्या आईबापाला नियमित कुटुंब-पेन्शन नाही.

याच ठिकाणी मला पुन्हा वलंगकर आठवतात. एकरकमी मिळालेला पैसा घर बांधतो, कर्ज फेडतो, बहिणीचे लग्न करतो, आणि भावकीत भांडणही लावतो. महिन्याला येणारी पेन्शन वेगळे काही करते. ती मुलीला बारावीनंतर शिकू देते, आईला सावकाराच्या ओट्यावर बसू देत नाही, सरपंचाला नाही म्हणण्याची ताकद देते. आमच्या वस्त्यांतली पेन्शनरांची घरे आठवा. पहिली शाई, पहिले वर्तमानपत्र, पहिला अर्ज त्याच घरांतून निघाला. दलित आत्मकथनांनी या घरांकडे फारसे पाहिले नाही, अशी माझी तक्रार आहे. आमच्या आत्मकथनांत येसकर आहे, मेलेली ढोरे ओढणारा आहे, गिरणीकामगार आहे, हमाल आहे. शिपाई मात्र ओळखीपुरता येतो आणि जातो. त्याच्या बायकोने तर अजून लिहिलेच नाही. ती तिरंगा पेटीत ठेवते, दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला देते, आणि तिच्याविषयीचा सगळा मजकूर सरकारच लिहिते.

१ जानेवारीला कोरेगावला लाखो माणसे जातात. २०१८ साली, लढाईच्या दोनशेव्या वर्षी, तिथे येणाऱ्यांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. एका दगडावरची नावे वाचायला आलेल्या माणसांवर दगड पडावेत, याचा अर्थ ते वाचन अजून कोणाला तरी झोंबते. त्यानंतर बंदोबस्त वाढला, मंत्रीही येऊ लागले, मानवंदना देऊ लागले. मानवंदना देणाऱ्यांपैकी कितीजण यादी वाचतात? आमच्या बायाबापड्या वाचतात. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यासुद्धा शेजारच्या पोराकडून वाचून घेतात आणि 'नाक' आले की मान हलवतात.

या विषयावर आपल्या हाताशी साधने फार थोडी आहेत. कोरेगावची यादी आहे, दोन-चार अर्ज आहेत, आणि सरकारी पत्रके. वाचकांना माझी विनंती अशी की ज्यांच्या गावी २०२३ साली शिलाफलक लागला आहे त्यांनी त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसह, उतरवून संपादकांकडे पाठवावा. फलक गावात नेमका कुठे आहे, तिथून आपली वस्ती किती अंतरावर आहे, कोणाची नावे आहेत आणि आपल्या माहितीतले कोणाचे राहून गेले, हेही लिहावे. ज्यांच्या घरी जुने पेन्शनीचे कागद, पलटणीची पत्रे, मृत्यूची तार असेल त्यांनी मूळ कागद पाठवू नयेत, हाताने नक्कल करून पाठवावी. अक्षर वाईट असले तरी चालेल.